चार किलोंचा लॅपटॉप आणि वॅटचा हिशेब

गेमिंग लॅपटॉपच्या बाजारात सगळ्यात वरच्या पायरीवर एक विचित्र जात आहे. सतरा-अठरा इंची पडदा, तीन ते चार किलो वजन, सोबत किलोभराचा अडॅप्टर आणि भारतात चार लाखांच्या पुढे जाणारी किंमत. हे यंत्र मांडीवर ठेवता येत नाही, बॅटरीवर त्याच्यावर धड खेळता येत नाही, आणि विमानात समोरच्या सीटमागच्या ट्रेवर ते मावत नाही. तरीही दरवर्षी जानेवारीत लास वेगासच्या सीईएस प्रदर्शनात मोठ्या कंपन्या अशी नवी यंत्रे मांडतात आणि ती विकलीही जातात. धंद्यात या जातीला ‘डेस्कटॉप रिप्लेसमेंट’ म्हणतात. एमएसआयचे टायटन, डेलच्या एलियनवेअरचे एरिया-५१, असुसचे आरओजी स्कार १८, रेझरचे ब्लेड १८ ही त्यातली आजची ठळक नावे.

या यंत्रांबद्दलचा वाद निदान वीस वर्षे चालू आहे. एक पक्ष म्हणतो, डेस्कटॉपची बहुतेक ताकद पिशवीत घालून नेता येते, आणखी काय हवे? दुसरा म्हणतो, तेवढ्याच पैशांत जास्त वेगवान डेस्कटॉप येतो आणि वर एक हलका लॅपटॉपही. दोघांचे म्हणणे आपापल्या जागी खरे आहे. वाद मिटत नाही, कारण दोघे वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. वेग, आवाज, उष्णता, बॅटरी, किंमत, दुरुस्ती या सगळ्यांच्या मुळाशी एकच आकडा आहे: यंत्राला किती वॅट मिळतात आणि त्यांतून निर्माण होणारी उष्णता ते किती बाहेर टाकू शकते. हा आढावा त्याच आकड्याच्या मागाने घेतला आहे.

एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर

प्लगशिवाय न चालणारा ‘पोर्टेबल’ संगणक नवा नाही. १९८१मध्ये आलेला ऑस्बोर्न १ सुमारे अकरा किलोंचा होता. त्याचा पडदा पाच इंची होता आणि आत बॅटरी नव्हती. (तो बनवणाऱ्या ॲडम ऑस्बोर्न यांचे बालपण तमिळनाडूत गेले. त्यांचे वडील आर्थर ऑस्बोर्न हे रमण महर्षींवर लिहिणारे लेखक. ॲडम अखेरच्या वर्षांत भारतात परतले आणि २००३मध्ये कोडाईकनालला वारले.) १९८३मध्ये विक्रीला आलेला कॉम्पॅक पोर्टेबल तर त्याहून जड होता. ही यंत्रे कोणी आगगाडीत उघडून बसत नसे. ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर न्यायची असत. आजच्या चार किलोंच्या लॅपटॉपचा उपयोगही नेमका तोच आहे.

खरी फाटाफूट २००३च्या सुमारास झाली. इंटेलने लॅपटॉपसाठी खास पेंटियम एम हा कमी वीज खाणारा प्रोसेसर आणला आणि बहुतेक लॅपटॉप हलके, थंड होण्याच्या वाटेला लागले. उलट्या दिशेने जाणारेही होतेच. डेस्कटॉपचा पेंटियम ४ उचलून थेट लॅपटॉपमध्ये बसवला जाई. डेलची २००४ची इन्स्पिरॉन एक्सपीएस ही त्याच वळणाची. मायामीत १९९६मध्ये सुरू झालेली एलियनवेअर ही खेळाडूंसाठी यंत्रे बांधणारी कंपनी डेलने २००६मध्ये विकत घेतली, तेव्हा हा छंदिष्टांचा कोपरा मोठ्या कंपनीच्या दुकानात आला.

पडद्यामागे तैवानच्या क्लेवोचे काम मोठे आहे. क्लेवो नुसती चौकट बनवते आणि अमेरिकेत सेगर, जर्मनीत एक्सएमजी, कॅनडात युरोकॉम ती आपापल्या नावाने सजवून विकतात. २०१५च्या तिच्या पी८७० मालिकेत डेस्कटॉपचा सॉकेटमधला प्रोसेसर आणि दोन-दोन सुटी ग्राफिक्स कार्डे बसत. त्याच वर्षी एमएसआयने जीटी८० टायटनमध्ये चेरीची खरी मेकॅनिकल बटणे दिली. पाठोपाठ एसरचा प्रेडेटर २१ एक्स आला. एकवीस इंची वक्र पडदा, दोन जीटीएक्स १०८०, दोन अडॅप्टर, आठ किलोंहून जास्त वजन आणि ८,९९९ डॉलर किंमत. त्याला लॅपटॉप म्हणायचे ते केवळ घडी होते म्हणून. त्यानंतर त्या आकाराच्या वाटेला कोणी गेले नाही.

२०१६चे वर्ष आणि त्यानंतर

या जातीच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलणाऱ्याने २०१६ हे वर्ष लक्षात ठेवावे. तोपर्यंत एनव्हिडियाच्या लॅपटॉपमधल्या चिपच्या नावापुढे ‘एम’ हे अक्षर असे आणि गिऱ्हाइकाला कळे की ही डेस्कटॉपच्या त्याच क्रमांकाची धाकटी भावंडे आहेत. २०१५मध्ये जीटीएक्स ९८० पूर्ण रूपात लॅपटॉपमध्ये आली. २०१६च्या पास्कल पिढीत ‘एम’ अक्षर पूर्णच गळाले. लॅपटॉपच्या जीटीएक्स १०८०मध्ये डेस्कटॉपइतकेच २,५६० कोअर होते. डेस्कटॉपचे ते कार्ड १८० वॅट घेई. तेवढी वीज चांगल्या जाड लॅपटॉपला जवळजवळ पेलत होती. ‘डेस्कटॉपची जागा घेणारा’ हा दावा त्या वर्षी शब्दशः खरा होता म्हटले तरी चालेल.

पुढे लॅपटॉप मागे पडला असे म्हटले जाते. माझ्या मते हे उलट सांगायला हवे: लॅपटॉप होता तिथेच राहिला, डेस्कटॉप पुढे पळाला. डेस्कटॉपच्या सगळ्यात वरच्या कार्डाची भूक पाहा. २०१७च्या १०८० टीआयला २५० वॅट, २०२०च्या ३०९०ला ३५०, २०२२च्या ४०९०ला ४५०, २०२५च्या ५०९०ला ५७५. लॅपटॉपमधली वरची चिप मात्र आजही १५० वॅटवर आहे. प्रोसेसर निवांत असेल तेव्हा त्याच्या वाट्याचे पंचवीस वॅट उसने मिळतात, म्हणजे फार तर १७५. तीन सेंटिमीटर जाडीच्या पेटीतून आणि अडीच-तीन इंची पंख्यांतून याहून फार जास्त उष्णता बाहेर काढता येत नाही, आणि ही मर्यादा कोणत्याही कंपनीला ओलांडता आलेली नाही. डेस्कटॉपच्या मोठ्या कार्डावरचा धातूचा उष्णताशोषक एकटाच अख्ख्या लॅपटॉपपेक्षा जाड असतो.

मग एनव्हिडियाने काय केले? नावे तीच ठेवली, चिप एक पायरी खालची घातली. लॅपटॉपच्या आरटीएक्स ४०९०मध्ये ९,७२८ कोअर आणि १६ जीबी मेमरी आहे. डेस्कटॉपच्या ४०९०मध्ये १६,३८४ कोअर आणि २४ जीबी. लॅपटॉपची ४०९० म्हणजे खरे तर डेस्कटॉपच्या ४०८०चीच चिप, निम्म्या विजेवर चालणारी. ५०९०च्या पिढीत दरी आणखी रुंदावली: लॅपटॉपमध्ये १०,४९६ कोअर, डेस्कटॉपमध्ये २१,७६०. टीकाकार याला दिशाभूल म्हणतात. समर्थकांचे उत्तर असे की लॅपटॉपची नावे लॅपटॉपशीच ताडून पाहायची असतात आणि खोक्यावर ‘लॅपटॉप जीपीयू’ असे लिहिलेले असते. लिहिलेले असते हे खरे. ते किती ठळक असते, हा प्रश्न उरतो.

निम्मे वॅट म्हणजे निम्मा वेग, असे मात्र नाही. चिपला लागणारी वीज वेगाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. वेग वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावे लागते आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाने वाढतो. म्हणून शेवटच्या थोड्या वेगासाठी डेस्कटॉप भरमसाठ वीज जाळतो आणि लॅपटॉप ती न जाळता बऱ्यापैकी जवळ पोचतो. दर वॅटमागे मिळणारे काम पाहिले तर लॅपटॉपच सरस ठरतो. ही बाजू विरोधकांच्या लिखाणात क्वचित दिसते.

आणखी एक गुंता आहे. एकाच नावाची चिप वेगवेगळ्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळ्या वॅटवर चालते. २०१७मध्ये एनव्हिडियाने पातळ लॅपटॉपसाठी ‘मॅक्स-क्यू’ असा वेगळा शिक्का आणला होता; २०२१मध्ये ३०च्या मालिकेत तो नावातून गेला. त्यामुळे ८० वॅटची आरटीएक्स ३०८० आणि १५० वॅटची आरटीएक्स ३०८० एकाच नावाने शेजारी-शेजारी मांडली जाऊ लागली. समीक्षकांनी ओरड केल्यावर कंपनीने लॅपटॉप बनवणाऱ्यांना वॅट आणि क्लॉकचे आकडे जाहीर करायला सांगितले. आज ते बहुतेकांच्या संकेतस्थळांवर सापडतात. दुकानातल्या पाटीवर फारसे नाहीत.

समर्थकांची बाजू

प्रोसेसरच्या बाबतीत तर अंतर जवळपास बुजले आहे. २०२२पासून इंटेलने एचएक्स मालिकेत डेस्कटॉपचीच चिप लॅपटॉपच्या पातळ आवरणात द्यायला सुरुवात केली. कोअर आय९-१३९८०एचएक्समध्ये डेस्कटॉपच्या आय९-१३९००केप्रमाणेच चोवीस कोअर आहेत. एएमडीच्या रायझन ९ ७९४५एचएक्समध्ये सोळा. व्हिडिओ संपादन, त्रिमिती रेंडरिंग, मोठे प्रोग्रॅम कंपाइल करणे ही कामे करणाऱ्याला यात डेस्कटॉपची उणीव सहसा भासत नाही.

पडद्याचा मुद्दा मला सर्वांत दमदार वाटतो, आणि तो पुरेसा मांडला जात नाही. डेस्कटॉपचे महाग कार्ड घेणारा बहुधा ४के मॉनिटर घेतो. त्यात सुमारे त्र्याऐंशी लाख पिक्सेल. सोळा किंवा अठरा इंची लॅपटॉपच्या २५६० गुणिले १६०० पडद्यावर साधारण एक्केचाळीस लाख. एवढ्या लहान पडद्यावर त्याहून बारीक चित्र नेहमीच्या अंतरावरून डोळ्याला फारसे वेगळे दिसत नाही. म्हणजे निम्म्या विजेच्या चिपला काढायचे चित्रही निम्मेच आहे. (एमएसआयने टायटन १८मध्ये ४केच्या घरातला मिनी-एलईडी पडदा लावला. दिसतो देखणा, पण हा फायदा स्वतःच्या हाताने घालवला.) शिवाय कमी पिक्सेलचे चित्र काढून ते मोठे करणारे डीएलएसएस आणि २०२२पासून आलेली मधल्या फ्रेम रचण्याची सोय, यांमुळे कमी ताकदीवरही खेळ सुरळीत चालतो. फ्रेम रचण्याच्या सोयीबद्दल जाणकारांत मतभेद आहेत: फ्रेमचा आकडा वाढतो, पण बटण दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा वेळ त्या प्रमाणात घटत नाही.

गेल्या दोन-तीन वर्षांत या यंत्रांना एक नवा गिऱ्हाईकवर्ग मिळाला. स्वतःच्या यंत्रावर भाषा-प्रारूपे चालवणाऱ्यांना ग्राफिक्स चिपच्या वेगापेक्षा तिच्या मेमरीची जास्त गरज असते. लॅपटॉपच्या ५०९०मध्ये २४ जीबी मेमरी आहे. डेस्कटॉपच्या ५०८०मध्ये, जी वेगाने तिच्यापुढे आहे, फक्त १६. इथे लॅपटॉपची बाजू सरळ वरचढ आहे. अर्थात असे काम करणाऱ्या कार्यालयांसाठी लेनोवोची थिंकपॅड पी, एचपीची झेडबुक अशी गंभीर चेहऱ्याची भावंडेही आहेत. तीही जवळपास त्याच जातीची, फक्त रंगीत दिव्यांशिवाय.

आणि मग राहणीचा प्रश्न. वसतिगृहातल्या विद्यार्थ्याला, दर अकरा महिन्यांनी भाड्याचे घर बदलणाऱ्या पुण्या-मुंबईतल्या अभियंत्याला, सहा-सहा महिने जहाजाच्या केबिनमध्ये राहणाऱ्या खलाशाला कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड, स्पीकर आणि तारांचा गुंता सांभाळणे अवघड जाते. परदेशी शिकायला निघालेल्याला व्होल्टेजचा घोर नाही: अडॅप्टर १०० ते २४० व्होल्ट दोन्हीकडे चालतो. चित्रीकरणाच्या जागीच चित्रफीत तपासणाऱ्या संपादकालाही दुसरा पर्याय नाही. आपल्याकडे आणखी एक गोष्ट भर घालते. लाइट गेली की डेस्कटॉप त्या क्षणी बंद पडतो; ते टाळायचे तर यूपीएस वेगळा घ्यावा लागतो. आणि पाच-सहाशे वॅट घेणाऱ्या डेस्कटॉपला स्वस्तातला यूपीएस पुरत नाही. लॅपटॉपमध्ये वेग एकदम खाली येतो, पण काम सेव्ह करून बंद करण्याइतका वेळ नक्की मिळतो. देखभालीसाठी लाइट जाण्याचा वार ज्यांना पाठ आहे, त्यांना हा फायदा समजावून सांगावा लागत नाही.

विरोधकांची बाजू

बॅटरीपासून सुरुवात करू, कारण तिथे गणित सोपे आहे. विमानाच्या केबिनमध्ये परवानगीशिवाय नेता येणारी बॅटरी १०० वॅट-तासांपर्यंतची. म्हणून सगळ्या मोठ्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या ९९ किंवा ९९.९ वॅट-तासांवर येऊन थांबतात. यंत्र पूर्ण जोमात अडीचशे वॅट घेत असेल तर ही बॅटरी पंचवीस मिनिटेही टिकणार नाही. प्रत्यक्षात बॅटरी एवढा प्रवाह देऊच शकत नाही, म्हणून प्लग काढताच यंत्र आपला वेग स्वतः घटवते. चार लाखांचे यंत्र प्लगशिवाय मधल्या दर्जाच्या लॅपटॉपसारखे वागते. यूएसबी-सीच्या सध्याच्या मानकाने २४० वॅटपर्यंत वीज देता येते. टायटनला ४०० वॅटचा खास अडॅप्टर लागतो. तो प्रवासात हरवला किंवा जळला तर शेजाऱ्याचा चार्जर कामाचा नाही.

उष्णतेबद्दल एक गोष्ट महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळी सांगायला हवी. परदेशी समीक्षक ही यंत्रे बावीस-पंचवीस अंशांच्या खोलीत तपासतात. पंखा आत ओढतो ती खोलीचीच हवा. खोली वीस अंशांनी तापली की चिपही साधारण तेवढीच तापते, आणि इंटेलचा प्रोसेसर शंभर-एकशेपाच अंशांच्या आसपास स्वतःला आवरू लागतो. युरोपातल्या चाचणीत जे यंत्र पंच्याऐंशी अंशांवर निवांत चालते ते मे महिन्यातल्या नागपूर-चंद्रपूरच्या दुपारी, एसी नसलेल्या खोलीत, मर्यादेला टेकते आणि मंदावते. डेस्कटॉपलाही उन्हाळा असतोच, पण त्याच्याकडे पुढे सरकायला जागा असते. मुंबईची दमट हवा आणि सगळीकडची धूळ हे वेगळेच प्रकरण: पंख्याच्या जाळीत साचलेली धूळ वर्षभरात बराच फरक पाडते.

हे तापणे टाळायला कंपन्यांनी चिपवर साध्या थर्मल पेस्टऐवजी गॅलियमचा द्रव धातू वापरायला सुरुवात केली. उष्णता तो उत्तम वाहून नेतो. पण तो वीजवाहक आहे, ॲल्युमिनियम खातो, आणि यंत्राची सतत हलवाहलव झाली की चिपच्या एका कडेला सरकून दुसरी कोरडी पडण्याच्या तक्रारी येतात. हलवण्यासाठीच घेतलेल्या यंत्रात ही अडचण असावी, याला काय म्हणावे! त्यामुळे लेनोवोसह काही जणांनी तापल्यावर मऊ होणाऱ्या पट्ट्या स्वीकारल्या आहेत. त्या किंचित कमी कार्यक्षम, पण जागच्या हलत नाहीत.

आवाज हा उष्णतेचाच दुसरा चेहरा. पूर्ण वेगात पंखे पन्नास डेसिबलच्या पुढे जातात. खेळणारा हेडफोन लावतो, त्याचे निभते. खोलीत शेजारी अभ्यास करणाऱ्याचे निभत नाही. सततच्या वापरात प्लगला जोडलेली, गरम पेटीत शंभर टक्के भरून ठेवलेली बॅटरी फुगण्याचा धोकाही असतो. बहुतेक कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये साठ किंवा ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय आहे. ती विकत घेतल्या दिवशीच चालू करावी.

किमतीचा हिशेब असा. एनव्हिडियाने ५०च्या मालिकेच्या सुरुवातीला भारतात जाहीर केलेली डेस्कटॉप ५०८०ची किंमत होती १ लाख ७ हजार, ५०९०ची २ लाख १४ हजार. बाजारात भाव नेहमीच वर राहिले, तरी ५०९०चा लॅपटॉप ज्या चार-साडेचार लाखांत येतो, तेवढ्यात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ५०८०चा डेस्कटॉप असेंबल करून, उत्तम मॉनिटर घेऊन, वर एक सव्वा किलोचा कामाचा लॅपटॉप घेता येतो. आणि तो डेस्कटॉप त्या लॅपटॉपपेक्षा वेगवान असतो. विरोधकांचा हा सगळ्यात बळकट युक्तिवाद आहे आणि त्याला केवळ आकड्यांच्या भाषेत उत्तर नाही.

एरिया-५१एमचे प्रकरण

पैशांपेक्षाही मोठी तक्रार आहे ती यंत्र जुने होण्याची. डेस्कटॉपचे कार्ड बदलले की यंत्र पुन्हा तरुण होते. कॅबिनेट, पॉवर सप्लाय, मॉनिटर दहा-दहा वर्षे टिकतात. लॅपटॉपमध्ये कधी काळी ग्राफिक्स चिप एमएक्सएम नावाच्या सुट्या कार्डावर येई आणि हौशी लोक ती बदलत. पण प्रत्येक कंपनीचा आकार थोडा वेगळा, बायोसची मान्यता वेगळी आणि नवी कार्डे मिळवायची कुठून हा प्रश्न कायमचा. हळूहळू सगळ्यांनी चिप मदरबोर्डवर सोल्डर करायला सुरुवात केली.

अशा वेळी, जानेवारी २०१९मध्ये, एलियनवेअरने एरिया-५१एम सादर केला. सुमारे पावणेचार किलो वजन, डेस्कटॉपचा सॉकेटमधला नवव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, आरटीएक्स २०८०पर्यंतचे सुटे ग्राफिक्स कार्ड आणि वरच्या आवृत्तीला दोन अडॅप्टर. जाहिरातीचा सूर असा की प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोन्ही पुढे बदलता येतील. या जातीवरचा सगळ्यात जुना आक्षेप एका फटक्यात निकालात निघणार, अशी आशा अनेकांना वाटली.

पुढच्याच वर्षी इंटेलने दहाव्या पिढीसाठी सॉकेट बदलला. नवे प्रोसेसर जुन्या मदरबोर्डवर बसेनात. ग्राफिक्सचे कार्ड डेलच्या स्वतःच्या खास आकाराचे होते, त्यामुळे ते फक्त डेलच देऊ शकत होती. २०२०मध्ये आर२ नावाने नवे पूर्ण यंत्र आले. २०२१मध्ये कॅलिफोर्नियात, वाढवता येण्याच्या जाहिराती दिशाभूल करणाऱ्या होत्या असा आरोप करणारा दावा डेलवर दाखल झाला. त्यानंतरच्या एलियनवेअरमध्ये ग्राफिक्स चिप पुन्हा सोल्डर केलेली आली.

यावरून दोन वेगळे निष्कर्ष काढले जातात. एक: लॅपटॉपमध्ये सुटे भाग हे मृगजळ आहे, कारण प्रोसेसरचा सॉकेट इंटेलच्या हातात, चिप एनव्हिडियाच्या हातात आणि पेटी डेलच्या हातात, तिघांची वेळापत्रके जुळणार कशी? दोन: चूक तंत्रात नव्हे, बंदिस्त आकारात होती. दुसऱ्या निष्कर्षाच्या बाजूने आता एक जिवंत उदाहरण आहे. अमेरिकेतल्या फ्रेमवर्क कंपनीच्या लॅपटॉप १६मध्ये ग्राफिक्सचा कप्पा मागून काढता येतो. २०२४च्या सुरुवातीला तो एएमडीच्या ७७००एससह आला आणि २०२५मध्ये त्याच चौकटीसाठी एनव्हिडियाच्या ५०७०चा कप्पा जाहीर झाला. एका पिढीतून दुसऱ्या पिढीत उडी मारण्याचे वचन इथे पाळले गेले. पण ही चिप मधल्या दर्जाची आहे, आणि सगळ्यात वरच्या १७५ वॅटसाठी असा कप्पा अजून कोणी करून दाखवलेला नाही. रॅमच्या बाबतीत २०२३च्या अखेरीस जेडेक या मानकसंस्थेने मान्य केलेले कॅम२ हे नवे मानक आशा वाढवते. रॅम आणि एसएसडी तशीही या मोठ्या यंत्रांत बदलता येते. पातळ लॅपटॉपपेक्षा ही त्यांची जमेची बाजू.

मधल्या वाटा

वादाला तिसरी बाजू हल्ली तयार झाली आहे. घरी डेस्कटॉप ठेवायचा आणि बाहेरून मूनलाइट किंवा स्टीमच्या सोयीने त्याचे चित्र हलक्या लॅपटॉपवर आणायचे. इंटरनेट चांगले असेल तर जमते. कोकणातल्या गावी नेटवर्क एका दांडीवर आले की खेळ संपला. बाहेरून जोडायच्या ग्राफिक्स पेटीला थंडरबोल्ट ५मुळे नवी उभारी मिळू शकते, पण ती पेटी, तिचे कार्ड आणि लॅपटॉप मिळून खर्च पुन्हा तिथेच जातो. २०२२च्या स्टीम डेकनंतर हातात धरायच्या यंत्रांनी प्रवासातल्या खेळाचा बराच भाग उचलला आहे. ज्याला मोठे यंत्र केवळ सुट्टीत खेळायला न्यायचे होते, त्याचे कारण त्यामुळे उरले नाही.

काय सुटलेले नाही

चिपच्या रचनेतच बदल होतो आहे. ॲपलच्या मॅकबुक प्रोने प्रोसेसर, ग्राफिक्स आणि मेमरी एकत्र बांधून दाखवले, आणि प्लग काढला तरी त्यांचा वेग जवळपास तोच राहतो. खेळ मात्र त्यावर मोजकेच आहेत. एएमडीने २०२५मध्ये रायझन एआय मॅक्सच्या रूपाने विंडोजच्या जगात तीच रचना आणली, १२८ जीबीपर्यंतच्या सामाईक मेमरीसह. सप्टेंबर २०२५मध्ये एनव्हिडियाने इंटेलमध्ये पाच अब्ज डॉलर गुंतवण्याचे आणि दोघांनी मिळून आरटीएक्स ग्राफिक्ससह एकत्रित चिप बनवण्याचे जाहीर केले. यांतून चार किलोंच्या यंत्राचे काम दोन किलोंत होईल, की मोठी यंत्रे आणखी वरच्या पायरीवर चढतील, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. सध्या तरी या एकत्रित चिपा १७५ वॅटच्या वेगळ्या ग्राफिक्सची बरोबरी करत नाहीत.

टिकाऊपणाचा प्रश्नही उघडाच आहे. या वर्गातली यंत्रे किती वर्षांत बिघडतात याचे आकडे कंपन्या प्रसिद्ध करत नाहीत, म्हणून दोन्ही बाजू ऐकीव तक्रारींवर भांडतात. सोल्डर केलेली चिप गेली की अख्खा मदरबोर्ड बदलावा लागतो आणि वॉरंटी संपल्यावर तो खर्च नव्या मध्यम लॅपटॉपइतका होऊ शकतो. युरोपीय संघात फेब्रुवारी २०२७पासून उपकरणांतल्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला काढता येण्याजोग्या असाव्या लागतील; त्याचा परिणाम भारतात विकल्या जाणाऱ्या रचनांवरही होईल, कारण कंपन्या खंडागणिक वेगळी पेटी सहसा बनवत नाहीत. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने २०२२मध्ये दुरुस्ती-हक्काचे पोर्टल सुरू केले आहे, पण सुट्या भागांचे दर आणि उपलब्धता यांची सक्ती अजून नाही.

एवढ्या साहित्यावरून माझे मत असे बनते. ज्याचे यंत्र महिन्यातून निदान दोन-तीनदा एका छपराखालून दुसऱ्या छपराखाली जाते आणि दोन्हीकडे प्लग आहे, त्याच्यासाठी या जातीला आज तरी सरस पर्याय नाही. ज्याचे यंत्र एकाच टेबलावर राहणार आहे, त्याने डेस्कटॉप घ्यावा. त्याच्या बाबतीत विरोधकांचा हिशेब बिनतोड आहे. आणि असा लॅपटॉप घ्यायचाच असेल तर सगळ्यात वरची चिप टाळून एक पायरी खालची, पण पूर्ण वॅट मिळणारी, जाड पेटीतली घ्यावी; शेवटच्या पायरीसाठी मोजलेल्या पैशांपैकी बरेच उष्णतेच्या मर्यादेत अडकतात. दुकानात गेल्यावर चिपचे नाव विचारण्याआधी ती किती वॅटवर चालते ते विचारा, तीन वर्षांच्या वॉरंटीचा दर लेखी मागा, आणि यंत्र अर्धा तास पूर्ण जोरात चालवून, आपल्या कानांनी ऐकून मगच पैसे द्या.